जपानी बुद्धिबळातील कूटे



आपल्या बुद्धिबळात मेलेले प्यादे डब्यात जाते. जपानात ते शत्रूच्या नोकरीला लागते! शोगी हा आपल्या चतुरंगाचाच दूरचा वंशज मानतात. पण मारलेला मोहरा हाती ठेवून पुढे एखाद्या खेळीला रिकाम्या घरात उतरवण्याची मुभा, ही त्याची खासियत. म्हणूनच तेथे मोहऱ्यांना काळा-पांढरा रंग नाही. लाकडाची पाचकोनी पाचर असते, तिचे टोक ज्याच्याकडे तो शत्रू. पट नऊ बाय नऊ घरांचा, मोहरे प्रत्येकी वीस.

या खेळातील मात करण्याच्या कूटांना ‘त्सुमे-शोगी’ म्हणतात. हल्ला करणाऱ्याने प्रत्येक खेळीला शह दिलाच पाहिजे. उसंत घ्यायची नाही. त्याचा स्वतःचा राजा बहुधा पटावर नसतोच. बचाव करणाऱ्याच्या हाती मात्र उरलेले सगळे मोहरे असतात आणि त्याने शक्य तितकी लांब झुंज द्यायची असते. शहाच्या वाटेत नुसता वेळ काढण्यासाठी मोहरा उतरवला, तर ती खेळी धरत नाहीत. शेवटी हल्लेखोराच्या हाती एकही मोहरा शिल्लक उरता कामा नये. आणि उत्तर एकच हवे. दुसऱ्या वाटेने मात निघाली की कूट फुटले! खेळ्या मोजताना दोन्ही बाजूंच्या धरतात.

आता एक गमतीचा नियम ऐका. आपल्याकडे प्याद्याने केलेली मात मोठ्या अभिमानाची. शोगीत पटावरचे प्यादे पुढे सरकवून मात केलेली चालते. पण हातचे प्यादे उतरवून थेट मात करणे निषिद्ध आहे. शह द्या, मात नको. कोणाला हा नियम लहरी वाटेल. माझ्या मते कूटकारांना मिळालेले ते वरदान आहे.

कसे ते पाहा. शोगीत शेवटच्या तीन ओळींत शिरलेल्या मोहऱ्याला बढती मिळते. हत्तीला बढती मिळाली की तो तिरपाही एक घर चालतो. त्याचे जुने बळ कायम राहून वर नवे मिळते. मग ती नाकारील कोण? पण कूटात असा प्रसंग येतो की बढतीचा हत्ती राजाचे शेवटचे मोकळे घरही अडवतो. मग प्यादे उतरवले की मात होते, आणि ती तर निषिद्ध! तेव्हा हल्लेखोर जाणूनबुजून बढती नाकारतो. हत्ती दुबळा राहतो, राजाला एक वाट उरते, प्यादे केवळ शह ठरते. राजा त्या वाटेने सरकतो आणि पुढे रीतसर मरतो. शत्रूला वाट मोकळी ठेवून मारण्याची ही युक्ती प्रथम कळते तेव्हा माणूस खुर्चीवरून उठून फेऱ्या घालू लागतो.

या कलेचा सर्वांत मोठा धनी इतो कांजु. त्याची शंभर कूटे ‘शोगी झुको’ या नावाने 1755 साली शोगुनाला सादर झाली. त्यातले नव्व्याण्णवावे ‘धूर’ म्हणून प्रसिद्ध आहे. आरंभी पटावर एकोणचाळीस मोहरे, 117 खेळ्यांनंतर उरतात तीन. बाकीचे धुरासारखे विरून जातात. शंभरावे 611 खेळ्यांचे. लांबीत त्याला मागे टाकायला 1955 साल उजाडले, म्हणजे दोनशे वर्षे लागली. कांजु मात्र 1760 मध्येच वारला. ‘मेइजिन’ हे सर्वोच्च पद त्याला मरणोत्तर मिळाले.

पुढे हाशिमोतो यांनी 1986 साली ‘मायक्रोकॉसमॉस’ रचले. आजच्या सुधारलेल्या रूपात ते 1525 खेळ्यांचे आहे. 1997 मध्ये संगणकाने ते सोडवलेही. संगणकामुळे कूटांची गंमत संपली असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. यंत्राने रचनेतला दोष पकडावा, हे उत्तमच. पण ‘धूर’ सुचला तो माणसाला.

अभ्यासाची रीत साधी आहे. मोहऱ्यांना हात लावायचा नाही. एक, तीन, पाच खेळ्यांची कूटे नुसत्या नजरेने सोडवायची, उत्तर पक्के होईपर्यंत पान उलटायचे नाही. कूटे सोडवण्याच्या जपानी अजिंक्यपद स्पर्धेत 2015 साली कसलेल्या व्यावसायिकांना मागे टाकून पहिला आला तो बारा वर्षांचा शाळकरी मुलगा, फुजिइ सोता. त्यानेच 2023 मध्ये शोगीचे आठही मोठे किताब एकाच वेळी धारण केले.