पान कुणाच्या घरी उघडतं?

(नाशिकमध्ये स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या संगणक शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला सांगितलं, सोपं बोला, बायका नव्याने शिकताहेत. मी सोपंच बोलेन, पण अवघड भाग गाळणार नाही. तुमच्यातल्या बहुतेकजणी आपापल्या केंद्रातली नोंदणी, तक्रारीचा फॉर्म, केसचा पाठपुरावा हे काम कॉम्प्युटरवर आणायला निघाल्या आहात. पेठ-सुरगाण्याच्या बाईला नाशिकची एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. तिने चार गोष्टी फोनवरून आधी कळवल्या तर एक खेप वाचते, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण त्या चार गोष्टी तिच्या फोनमधून निघाल्यावर कुठे कुठे थांबतात, कोण कोण त्या वाचू शकतं, हे बनवणारीला ठाऊक पाहिजे. आज मी एवढ्याचसाठी आले आहे.

मी इथे मुलींना वेबसाइट बनवायला शिकवते. सातपूर-अंबडच्या कामगारांच्या मुली असतात, एमएस-सीआयटी करून आलेल्या असतात, काही दोन मुलांच्या आयाही असतात. त्यांच्या अडचणी वरवर वेगवेगळ्या दिसतात. मुळाशी गेलं तर निम्म्याहून जास्त अडचणींचं कारण एकच निघतं: एक पान दोन ठिकाणी घडतं, हे लक्षात आलेलं नसतं.

बघा, सर्व्हर म्हणजे कुठेतरी चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. आपण तो भाड्याने घेतलेला असतो. बाईने फोनवर आपला पत्ता टाकला की तो सर्व्हर पान तयार करतो आणि पाठवून देतो. ब्राउझर ते पान तिच्या फोनवर उघडतो. इथे पहिला भाग संपला. सर्व्हरच्या दृष्टीने पत्र पोस्टात पडलं. आता ते पान तिच्या घरी आहे, तिच्या हातात आहे. किंवा ज्याच्या हातात तिचा फोन आहे, त्याच्या हातात आहे.

पीएचपीसारखी भाषा सर्व्हरवर चालते, पान निघण्याआधी. पानातली जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, पान पोचल्यानंतर. दोन्ही १९९५ साली लोकांसमोर आल्या. गोंधळ होतो तो यामुळे की शिकताना आपण दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक लिहितो. डोळ्यांना ती सलग दिसते, म्हणून चालेलही सलग असं वाटतं. मग मुलगी विचारते, 'मॅडम, बटण दाबल्यावर पीएचपीने लगेच “नाव लिहा” असं का म्हणत नाही?' अगं, पीएचपी आपलं काम आटोपून केव्हाच मोकळी झाली. तिला पुन्हा बोलवायचं तर ब्राउझरने सर्व्हरला नवं पत्र धाडलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यात हमखास दिसणाऱ्या गोष्टी भराभर सांगते. पीएचपीची फाइल डबल-क्लिक करून उघडली तर कोरं पान दिसतं किंवा आपण लिहिलेला मजकूरच जसाच्या तसा दिसतो, कारण मध्ये सर्व्हर नाहीच. आपल्याच मशीनवर झँपसारखा छोटा सर्व्हर बसवायचा आणि लोकलहोस्ट या पत्त्याने पान उघडायचं. तो लोकलहोस्टचा पत्ता मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवून 'बघ ना माझी साइट' म्हणायचं नाही. लोकलहोस्ट म्हणजे 'हेच मशीन', तेव्हा तिच्याकडे ते तिच्याच मशीनमध्ये शोधलं जाणार. आणि घरी दिसणारे फोटो भाड्याच्या सर्व्हरवर गायब झाले, तर फाइलचं नाव तपासा. विंडोजला इंग्रजी मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. हे सगळं चार दिवसांत अंगवळणी पडतं. याने कुणाचं नुकसान होत नाही.

ज्याने होतं, त्यावर जरा थांबू या.

फॉर्मवर आपण तपासण्या लावतो. मोबाइल नंबर दहा आकडी हवा, वय रिकामं नको. जावास्क्रिप्टने लावलेली ही तपासणी चांगलीच आहे. बाईला चूक लगेच कळते, रेंज नसलेल्या गावात फॉर्म पाठवून वाट बघावी लागत नाही. पण ती तिच्या ब्राउझरमध्ये चालते, म्हणजे समोरचा माणूस ती बंद करू शकतो. कॉम्प्युटरवर एफ-१२ ची कळ दाबली की बहुतेक ब्राउझरांत पानाचं पोट उघडतं. तिथे तपासणी पुसून हवं ते पाठवता येतं. त्याला फार हुशारी लागत नाही. म्हणून प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. मुलींना हा दुप्पट कामाचा जाच वाटतो. मी त्यांना म्हणते, फाटकावर कडी घातली म्हणून घराचं दार कुणी उघडं टाकतं का?

आता दडवण्याबद्दल. एका केंद्राने आपली यादी मला दाखवली होती. समुपदेशकाला बाईचं नाव, पत्ता, हकिगत सगळं दिसावं, आणि नव्या स्वयंसेविकेला फक्त केस नंबर आणि तारीख, असं त्यांना हवं होतं. हेतू अगदी योग्य. पण पान बनवणाऱ्याने काय केलं होतं, तर सगळी माहिती सगळ्यांना पाठवायची आणि स्वयंसेविकेच्या पानावर नाव-पत्त्याचे रकाने न दिसतील असे करायचे. पडद्यावर दिसत नव्हते, हे खरं. पण 'पानाचा सोर्स पाहा' म्हटलं की नाव, गाव, माहेरचा पत्ता, सगळं ओळीने हजर. जे दाखवायचं नाही ते सर्व्हरवरून निघताच कामा नये. एकदा निघालं की ते गेलं.

त्याच ठिकाणी दुसरं भोक होतं, आणि ते नवशिक्यांच्या कामात मला कायम सापडतं. केसचं पान उघडलं की वरच्या पत्त्याच्या शेवटी ४१ आकडा दिसायचा. तो खोडून ४२ लिहिला की पुढच्या बाईची केस उघडायची. लॉगिन होतं की! पण लॉगिन फक्त एवढंच विचारत होतं, की तू आत आलेली कुणी आहेस का. ही केस बघण्याचा तुला अधिकार आहे का, हे कुणीच विचारत नव्हतं. हा दुसरा प्रश्न सर्व्हरने प्रत्येक वेळी, प्रत्येक पानाला विचारायचा असतो. बटण लपवून तो सुटत नाही.

तुम्हाला मी कायदा सांगायची गरज नाही, तरी आठवण देते. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६ तक्रारीतला मजकूर आणि नावं उघड करायला मनाई करतं. आपण वर्षानुवर्षं कपाटाला कुलूप लावून ही पथ्यं पाळली. कॉम्प्युटर आला म्हणून ती सैल होत नाहीत. कपाट फोडायला निदान माणसाला कार्यालयात यावं लागत होतं.

डेटाबेसचं एक सांगते. नवशिकी मुलगी बाईने लिहिलेला मजकूर उचलते आणि डेटाबेसला द्यायच्या हुकुमात तसाच चिकटवते. सगळं छान चालतं, आणि एक दिवस कुणी डि'सोझा आडनाव इंग्रजीत लिहिते. त्यातल्या वरच्या टिंबामुळे हुकूम मध्येच तुटतो आणि पान कोसळतं. मुलगी म्हणते, आडनाव साधं लिहायला सांगू. नाही! जिथे एका साध्या आडनावाने हुकूम तुटतो, तिथे वाईट हेतूचा माणूस मुद्दाम तसं टिंब टाकून स्वतःचा हुकूम घुसवतो आणि सगळी यादी बाहेर काढतो. उपाय जुना आणि सोपा आहे: हुकूम वेगळा द्यायचा, माहिती वेगळी द्यायची, दोन्ही मिसळायची नाही. याला प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणतात, दुपारी करून बघू. आपण आपलं आडनाव का बदलायचं, कॉम्प्युटरच्या सोयीसाठी?

मराठीचंही तसंच. फॉर्मात 'लक्ष्मी' लिहिलं आणि यादीत नुसती प्रश्नचिन्हं आली, हे तुमच्यापैकी कितीजणींनी पाहिलंय? ...बघा, निम्मे हात वर आहेत. पान, सर्व्हर आणि डेटाबेस या तिघांनी एकच लेखनपद्धत धरली नाही की असं होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसची मूळ ठेवण कित्येक वर्षं पश्चिम युरोपच्या लिपीची होती. २०१८ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ती यूटीएफ-८ च्या पूर्ण रूपावर आली. जुना सर्व्हर स्वस्तात घेतलात तर आधी हे तपासा, कारण प्रश्नचिन्हं एकदा साठली की मूळ नाव परत मिळत नाही. आणि रकान्याची लांबी ठरवताना मराठीचा हिशेब करा. 'लक्ष्मी' आपल्या डोळ्यांना दोन अक्षरं. युनिकोडमध्ये ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी अशी सात चिन्हं, आणि साठवताना एकवीस बाइट. इंग्रजी नावाच्या मापाने शिवलेल्या रकान्यात आपल्या बायकांची नावं अर्धी कापली जातात.

नावावरून आठवलं. फॉर्मात कुठला रकाना सक्तीचा करायचा, ही तांत्रिक बाब आहे असं समजून आपण ती बनवणाऱ्यावर सोडतो. 'पतीचे/वडिलांचे नाव' यापुढे लाल तारा पडतो, आणि ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लिहायचं ठरवलं. आपल्याच केंद्रांचे फॉर्म मात्र अजून जुन्या साच्यात! २०२५ च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा बाईच्या आधारासोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपीही मागितला गेला. नवरा वारलेला, वडील वारलेले, नवऱ्याने टाकलेलं, अशा बायकांनी ओटीपी कुणाच्या फोनवर मागवायचा? पुढे नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि अशा बायकांसाठी कागदपत्रं देण्याची वेगळी वाट काढावी लागली. तो एक रकाना सक्तीचा करताना समोर कोणती बाई धरली होती, हा माझा प्रश्न आहे. नवरा हयात आहे, घरात आहे आणि फोन हातात देतो, अशी. आपल्या केंद्रात येणारी बाई नेमकी ती नसते. तेव्हा तारा लावण्याआधी बैठकीत वाद घाला, आणि मग बनवणारीला सांगा.

शेवटचा मुद्दा फोनचा. बाईचा फोन बऱ्याचदा तिचा एकटीचा नसतो. फॉर्म पाठवायच्या दोन पद्धती आहेत, गेट आणि पोस्ट. गेटमध्ये तिने लिहिलेली उत्तरं वरच्या पत्त्यातच चिकटून जातात, आणि तो पत्ता ब्राउझरच्या हिस्टरीत राहतो, सर्व्हरच्या नोंदीतही राहतो. तक्रारीचा फॉर्म नेहमी पोस्टने पाठवायचा, आणि पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलंच पाहिजे. त्याचं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. पण पोस्टने हिस्टरी पुसली जात नाही. पान उघडलं याची नोंद पानाच्या शीर्षकासकट राहते. ते शीर्षक 'कौटुंबिक हिंसाचार तक्रार' असेल, तर संध्याकाळी फोन हातात घेणाऱ्याला आत काय आहे ते वाचायचीही गरज नाही. साधं शीर्षक द्या. रकान्यांना ब्राउझरने आधीची उत्तरं सुचवू नयेत अशी सूचना लिहा, पण काही ब्राउझर ती ऐकत नाहीत हेही धरून चाला. 'चटकन बाहेर' असं बटण पुष्कळ साइटवर असतं. जावास्क्रिप्टने ते पान झटकन बदलतं, कुणी खोलीत आलं तर उपयोगी पडतं. मात्र मागची हिस्टरी ते पुसत नाही, कुठल्याही साइटला ब्राउझर तेवढी मुभा देत नाही. बटणाशेजारी हे मराठीत स्पष्ट लिहा, आणि हिस्टरी कशी पुसायची ते फॉर्मच्या आधी सांगा, नंतर नव्हे. 'तुमची तक्रार मिळाली' असा एसएमएस आपोआप पाठवण्याचं फॅड आहे, तेही तिला विचारल्याशिवाय नको. फोन करायला सुरक्षित वेळ कोणती, एवढा एक रकाना ठेवा. तो सक्तीचा केलात तरी माझी हरकत नाही.

जेवणानंतर आपण सहा मशीनवर बसणार आहोत, दोघी-दोघी. प्रत्येक जोडीने सकाळी बनवलेला फॉर्म शेजारच्या जोडीला द्यायचा. त्यांनी एफ-१२ दाबून तपासणी पुसायची, ४१ चे ४२ करायचे, डि'सोझा लिहायचं, लक्ष्मी लिहायचं. काय काय मोडतं ते फळ्यावर मांडू. आता प्रश्न असतील तर विचारा, मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने.