एका अक्षराचा आजार

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला ‘वैद्यकशास्त्रातील नवे संशोधन’ आणि वेळ दिली पंधरा मिनिटे. एवढ्या वेळात सगळे सांगायचे तर नुसती नावांची यादी वाचावी लागेल. म्हणून मी एकच आजार निवडला आहे, आपल्या विदर्भातला. सिकलसेल. सतत हातपाय दुखणारे, डोळे पिवळे दिसणारे, वर्षातून चारदा दवाखान्यात भरती होणारे एखादे मूल आपल्यापैकी बहुतेकांनी नात्यात किंवा शेजारी पाहिले आहे.

आपल्या जीवशास्त्राच्या सरांनी फळ्यावर लाल पेशी काढली होती, मधून दबलेल्या साबुदाणा-वड्यासारखी. सिकलसेलमध्ये हीच पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे असह्य वेदना होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. मग रक्त कमी, कावीळ, प्लीहा निकामी आणि जंतुसंसर्गाची कायमची धास्ती.

हे सगळे किती लहानशा बदलाने होते? हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते, एवढेच. व्हर्नन इनग्राम यांनी केंब्रिजमध्ये हे १९५७ साली दाखवले. डीएनएच्या भाषेत बोलायचे तर एका अक्षराची चूक.

पण नव्या उपचाराचे मूळ याहून जुन्या निरीक्षणात आहे, आणि मला ते फार आवडते. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आले की हा आजार घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात वाकड्या पेशी फार कमी दिसतात आणि बाळांना त्रासही होत नाही. कारण गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद पडते, मोठ्यांचे हिमोग्लोबिन सुरू होते आणि दुखणे तिथून लागते. मग बंद पडलेला तो नळ पुन्हा उघडता आला तर? त्याची तोटी सापडायला साठ वर्षे लागली. २००८ मध्ये कळले की बीसीएल-११-ए नावाचा जनुक गर्भातले हिमोग्लोबिन दाबून ठेवतो.

तोपर्यंत कात्री तयार होत आली होती. जीवाणू विषाणूंपासून बचाव करताना क्रिस्पर नावाची यंत्रणा वापरतात. तिचा उपयोग करून डीएनए नेमक्या जागी कापता येतो, हे एमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवले. २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल दोघींना मिळाले. (वर्गातल्या मुलींनो, त्या वेळी टाळ्या वाजवल्या नसतील तर आता वाजवा.)

या कात्रीवर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने परवानगी दिली. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढतात, त्यांच्यात बीसीएल-११-ए चा रक्तपेशींपुरता कामाचा भाग कापतात आणि त्या परत शिरेतून देतात. पुरेसा काळ पाहिलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर वेदनेचा एकही तीव्र झटका आला नाही. ज्यांनी असे रुग्ण रात्रभर तळमळताना पाहिले आहेत, त्यांना या आकड्याची किंमत कळेल.

आता दुसरी किंमत. अमेरिकेत हा उपचार २२ लाख डॉलरचा, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने १८ कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय सुधारलेल्या पेशी परत देण्याआधी कॅन्सरसारखी जोरदार केमोथेरपी देऊन जुना मज्जा रिकामा करावा लागतो. त्यात वंध्यत्व येण्याचा धोका असतो आणि कित्येक आठवडे दवाखान्यात राहावे लागते. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत तयार केली आहे. २०२५ मध्ये ती ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाली आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी तिच्यासाठी करारही झाला. आनंदाची गोष्ट आहे. पण गडचिरोलीतल्या आजच्या मुलाने तिची वाट पाहत बसावे, असे मी म्हणणार नाही.

त्याच्यासाठी हायड्रॉक्सीयुरिया आहे. तीही गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, पण गोळीच्या रूपात आणि परवडणाऱ्या किमतीत. नागपूरमध्ये मुलांवर किलोला १० मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेचा अभ्यास झाला आणि वेदनेचे झटके बरेच कमी झालेले दिसले. माझ्या मते आपल्या भागापुरते हे संशोधन क्रिस्परइतकेच मोठे आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची, रक्त तपासत राहायचे आणि ‘पोरगं बरं दिसतंय’ म्हणून मध्येच सोडायची नाही.

आता आपल्या वयाची गोष्ट बोलते. आपल्यापैकी निम्म्यांच्या घरी सध्या स्थळे पाहणे सुरू आहे.

एकच दोषी जनुक असलेल्याला वाहक म्हणतात, रिपोर्टवर ‘एएस’. तो आजारी नसतो. उलट हाच एक जनुक लहान मुलाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण देतो, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. मलेरियाच्या पट्ट्यांत तो टिकून राहिला तो त्यामुळेच, कुणाच्या रक्तात खोट आहे म्हणून नव्हे. दोघेही ‘एएस’ असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे आजारी, निपजण्याची शक्यता चारात एक. एक ‘एएस’ आणि दुसरा निरोगी असेल तर बाळाला हा आजार होत नाही. तरीही मुलगी ‘एएस’ निघाली म्हणून स्थळ मोडते आणि मुलाची तपासणी कुणी करतच नाही. ही गोष्ट मी प्रयोगशाळेत बसून वारंवार पाहिली आहे, आणि दर वेळी मला राग येतो.

‘आमच्यात नसतो हा आजार’ असे म्हणणाऱ्यांनाही एक सांगते. जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी सिकलच्या वाहकाबरोबर आजारी मूल होऊ शकते. आणि थॅलेसेमिया भल्याभल्या समाजांत आहे.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. फक्त पहिली सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ती सांगत नाही. त्यासाठी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करायची. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी दहाव्या-बाराव्या आठवड्यात होऊ शकते. त्यासाठी डॉक्टरांना लवकर भेटावे लागते, पाचवा महिना उजाडल्यावर नाही.

कुणाला मुलांचे रिपोर्ट दाखवायचे असतील तर जेवणानंतर मी जुन्या प्रयोगशाळेच्या खोलीत बसते. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र ते टाकू नका.