कॅमशाफ्ट पहिल्यांदा बदलताना
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या कामातली अशी एक गोष्ट सांगावी, जी दुसऱ्याला घरी जाऊन करता येईल. माझं काम दुचाकी दुरुस्तीचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी, नाहीतर शेतावर, एखादी जुनी शंभर सीसीची गाडी उभी आहेच. आणि कुणाचा ना कुणाचा मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघून म्हणत असतो, "पप्पा, कॅम आपणच बदलू." बदलू द्या. फक्त त्याआधी माझं थोडं ऐका.

सरांनी आपल्याला चार स्ट्रोक शिकवले होते. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं. यात कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ४००० फेरे मारत असेल, तर कॅम २००० मारतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह तासाभरात १,२०,००० वेळा उघडतो आणि मिटतो. कॅमचा फुगीर भाग आणि रॉकर यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. त्या थरावर हे सगळं चालतं.

म्हणून माझी मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. कॅम सहसा आपोआप मरत नाही, तो तेलावाचून मरतो. तेल का पोचलं नाही हे न शोधता नवा कॅम बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाणार.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ साली स्प्लेंडर आली. गाडी कमी पेट्रोल पिते, भरा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. पेट्रोलच्या बाबतीत ते खरंच होतं. आपण मात्र पेट्रोलबरोबर ऑइलही विसरलो. ९७.२ सीसीच्या त्या इंजिनात ऑइल साधारण एक लिटरच्या आतबाहेर असतं, आणि इंजिन, क्लच, गिअर सगळ्यांना तेच. त्यावर आपण दुधाचे कॅन लादतो, तिघं बसून तुळजापूरचा घाट चढतो, उन्हाळ्यात फुफाट्यातून शेतावर जातो. ऑइल काळं होतं, पातळ होतं, कमी होतं. पंप खाली आणि कॅम वर हेडमध्ये. तेल कमी पडलं की पहिला उपास हेडला घडतो.

आता निदान. आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. थापटीने वाजवून मडकं कच्चं की पक्कं ते ओळखायचं. इंजिनचंही तसंच, खोलण्याआधी ऐका. हेडमधून टकटक येते म्हणजे कॅमच गेला असं नाही. आधी टॅपेट सेट करा. मग टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर बघा. तरीही आवाज राहिला तर टॅपेटची झाकणं काढून, बॅटरीच्या उजेडात कॅम फिरवत बघा. चांगल्या कॅमचा पृष्ठभाग गुळगुळीत चकाकतो. खड्डे, चरे, खपली दिसली, तरच कॅम बदला. त्याच वेळी रॉकरचं तोंडही तपासा. खराब रॉकर नव्या कॅमला लगेच खातो, म्हणून तोही बदलावा.

काही मुलं विचारतात, "काका, मोठा कॅम टाकू का? गाडी पळेल." तो कॅम वरच्या आरपीएमला काम देतो. आपल्या रस्त्यावर खालचा पिकअप जातो आणि ॲव्हरेजही पडतं. शिवाय कंपनीच्या मापाबाहेर फेरफार केलेली गाडी कायद्यातही बसत नाही. जो होता तोच, अस्सल पार्ट घ्या. गावात मिळाला नाही तर सोलापूरला चक्कर मारा, पण डब्यावरचा पार्ट नंबर आपल्या मॉडेलशी जुळवूनच पैसे द्या. आणि २०२० नंतरची, बीएस ६ इंजेक्शनची गाडी वॉरंटीत असेल तर तिला हात लावू नका. शिकायला जुनी गाडी बरी.

कोणत्या इंजिनवर शिकावं हेही सांगतो. बुलेटच्या जुन्या इंजिनात कॅम खाली, गिअरवर असतात. शेतातल्या डिझेल इंजिनचा कॅमही खालीच, क्रँककेसमध्ये. ती कामं पहिल्यांदा करणाऱ्याची नव्हेत. शंभर सीसीच्या या गाडीत कॅम वर असतो आणि इंजिन गाडीवरून न उतरवता काढता येतो.

आता कामाचा क्रम. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. बाहेरून धुऊन कोरडं करा, कारण हेडमध्ये पडलेली माती ऑइलबरोबर सगळीकडे फिरते. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल जवळ ठेवा. टॅपेटचा गॅप आणि बोल्टचा टॉर्क त्यातूनच घ्यायचा, माझ्या किंवा शेजाऱ्याच्या तोंडून नाही. मोठं ताट घ्या, बोल्ट काढाल त्या क्रमाने मांडा. दर टप्प्याला मोबाइलवर फोटो काढा.

ऑइल काढा आणि ते बोटांवर चोळून बघा. चकाकणारी भुकटी दिसली तर आत आणखी काही झिजतंय, हे लक्षात घ्या. मग स्पार्क प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. डाव्या बाजूची झाकणं काढून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि मॅग्नेटवरची 'टी' ही खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा. ही खूण कॅमच्या एका फेऱ्यात दोनदा समोर येते. दोन्ही रॉकर सैल हलत असतील तीच आपली जागा. घट्ट लागले तर क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या.

टेन्शनर सैल करा, स्प्रॉकेटचे बोल्ट काढा. चेन सोडण्याआधी तिला तार बांधा आणि चेनच्या भोकात स्वच्छ चिंधी कोंबा. एक बोल्ट आत पडला, तर अर्ध्या दिवसाच्या कामाचे तीन दिवस होतात. जुना कॅम निघाला की नव्याशेजारी ठेवा. लांबी, फुगवटे, बेअरिंग सगळं सारखं आहे ना, बघा. नव्यावर ताजं ऑइल चोपडा, मगच आत घाला.

सगळं अवघड इथे आहे, खुणा जुळवण्यात. खाली 'टी' समोर, वर स्प्रॉकेटची खूण हेडच्या खाचेसमोर, दोन्ही एकाच वेळी. स्प्रॉकेटला २८ दाते धरा. एक दाता चुकला तर कॅम जवळजवळ १३ अंश चुकतो, क्रँकच्या हिशोबात २६. गाडी चालू होत नाही, झाली तर ओढत नाही. जास्त दाते चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतो. मग हेडचं काम निघालं.

म्हणून टेन्शनर लावल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवा आणि खुणा पुन्हा तपासा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा, उलगडा, परत जुळवा. हाताने अडलेलं इंजिन किकने सुटत नाही, मोडतं. हे तपासल्याशिवाय किकला पाय लावायचा नाही, एवढं वाक्य पोरांना पाठ करून घ्या.

मग फीलर गेजने टॅपेट सेट करा. ऑइलची जाळी आणि फिल्टर धुवा, कारण तेल अडण्याची जागा बऱ्याचदा तीच असते. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं नवं ऑइल भरा. इग्निशन बंद ठेवून, प्लग न लावता पंधरा-वीस किका मारा, टॅपेटचं झाकण उघडून हेडमध्ये तेल आलं का ते डोळ्यांनी बघा. आलं असेल तरच प्लग लावून गाडी चालू करा. नाही आलं तर तेलाची वाट शोधा, नाहीतर नव्या कॅमचे पैसे पाण्यात गेले समजा. पहिले काही दिवस रेस कमी ठेवा आणि ऑइल एकदा लवकर बदला.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. चार स्ट्रोक आपण फळ्यावरच्या आकृतीत शिकलो. आता प्रयोगशाळेत एक खरं इंजिन असावं. भंगारात जाणारं इंजिन मी स्वच्छ करून देतो, पान्यांचा एक सेट आपण वर्गमित्र मिळून देऊ. शनिवारी मुलामुलींनी, हो, मुलींनीसुद्धा, ते खोलावं, खुणा जुळवाव्यात, हाताने फिरवून बघावं. चुकलं तरी तिथे कुणाची दुधाची फेरी बंद पडणार नाही. यातला एखादा मुलगा किंवा मुलगी उद्या इंजिनिअर होईल, एखादा आयटीआयला जाईल, आणि बाकीचे निदान गाडीचं ऑइल तरी वेळेवर बदलतील. मला तेवढंही पुरे आहे.