आईच्या दुधाची पेढी
(पालक-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)





विषयाचे नाव ऐकून मागच्या बाकांवर थोडी कुजबुज झाली, ती माझ्या कानी आली. पुरुष शिक्षकाने हा विषय घ्यावा काय, असेही काहींना वाटले असेल. परंतु कमी दिवसांचे बाळ दवाखान्यातील काचेच्या पेटीत असते आणि आई दुसऱ्या वॉर्डात बेशुद्ध असते, तेव्हा डॉक्टर संमतीचा कागद बापापुढेच ठेवतात. म्हणून बापांनीही हे ऐकावे असा माझा आग्रह आहे.

पुरे दिवस भरण्याआधी, म्हणजे 37 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची आतडी कच्ची असतात. फारच लवकर आलेल्या बाळाला चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. त्याला नाकातोंडातून घातलेल्या बारीक नळीने थेंब थेंब दूध द्यावे लागते. अशा बाळाला डब्याची पावडर दिली तर आतडे सुजून कुजण्याचा एक भयंकर रोग होण्याचा धोका, मातेच्या दुधाच्या तुलनेत सुमारे दुपटीने वाढतो. पहिला हक्क अर्थात स्वतःच्या आईच्या दुधाचा. ते नसेल वा अपुरे असेल, तर दुसऱ्या मातेचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. मागणी किती असते? पूर्ण दुधावर आलेल्या एक किलोच्या बाळाला दिवसाला साधारण 150 मिलिलिटर, म्हणजे चहाचा मोठा पेलाभर!

जगातील पहिली दूधपेढी 1909 साली व्हिएन्ना येथे निघाली. आपल्याकडे मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली अशी पेढी सुरू केली. भारतातीलच नव्हे, तर आशियातील ही पहिली पेढी मानली जाते. धारावीसारख्या वस्तीतील गरीब स्त्रिया जेथे बाळंतपणाला येतात, त्या पालिकेच्या रुग्णालयात ही पेढी निघाली, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

आता तिचे काम पाहू. दूध देणारी माता निरोगी हवी, आणि तिच्या स्वतःच्या बाळाचे पोट भरून उरलेले दूधच घेतले जाते. एचआयव्ही, कावीळ ब व गुप्तरोगासाठी तिच्या रक्ताची तपासणी होते. तंबाखू व दारूची सवय असलेली स्त्री चालत नाही. हात व स्तन स्वच्छ करून हाताने किंवा पंपाने दूध काढतात. बहुधा अनेक मातांचे दूध एकत्र मिसळतात आणि 62.5 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे तापवून झटकन थंड करतात. विद्यार्थी मित्रहो, पाश्चरचे नाव तुम्ही पुस्तकात वाचले आहे, ते येथे कामी आले. घरच्यासारखे उकळत का नाहीत? उकळले तर जंतूंबरोबर दुधातील संरक्षक द्रव्येही फार नष्ट होतील. या बेताच्या उष्णतेने एचआयव्हीसारखे विषाणू व रोगजंतू मरतात आणि बरेचसे गुण टिकतात. थोडे जातात, हेही खरे. नंतर नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यात जंतू वाढले तर तो साठा फेकून देतात. नाही तर उणे 20 अंशांवर गोठवून काही महिने ठेवता येतो. या दुधाची विक्री करण्यास आपल्या देशात मनाई आहे.

येथवर कोणाचा आक्षेप नसावा. आक्षेप आहे तो पुढे, आणि तो क्षुल्लक नाही. दूध पाजणारी स्त्री ही आपल्या धर्मात आईच होते. सूरह निसाच्या 23 व्या आयतीत दूध-आई व दूध-बहीण यांच्याशी निकाह वर्ज्य ठरविला आहे. खुद्द पैगंबरसाहेबांनी (स.) हलीमा सादिया यांचे दूध घेतले होते. मग अनेक अनोळखी मातांचे दूध एका बाटलीत मिसळले, तर मुलाचे दूधशरीक भाऊबहीण कोण, हे कळावे कसे?

आलिमांत यावर मतभेद आहेत. शेख यूसुफ अल्‌-करदावी यांनी 1983 साली अशा पेढीला अनुकूल मत दिले. त्यांचे म्हणणे असे की, येथे बाळ प्रत्यक्ष स्तनाला लागत नाही, आणि कोणाचे किती दूध पोटात गेले हे ठाऊक नसल्याने नुसत्या संशयावर नाते सिद्ध होत नाही. 1985 साली आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मात्र मुस्लिम देशांत अशा पेढ्या काढण्यास मनाई केली. युरोपच्या फतवा परिषदेने 2004 साली गरजेपुरती मुभा दिली. कराचीत जून 2024 मध्ये अशी पेढी उघडली आणि फतव्याचा फेरविचार झाल्यावर त्याच महिन्यात तिचे काम थांबले. आपल्यातही फरक आहे. कोकणातील बहुतेक बांधव शाफई. त्यांच्या मते पाच वेगवेगळ्या वेळा दूध पाजल्यावर नाते जुळते. घाटावरचे बहुतेक हनफी. त्यांच्या मते दूध पिण्याच्या वयात थोडेही पुरते.

मी मुफ्ती नाही, बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. निर्णय आपल्या आलिमसाहेबांनी द्यावा. पण तो बाळ पेटीत असताना रात्री दोन वाजता फोन करून मागू नका. सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. जीव धोक्यात असल्याचे डॉक्टर सांगत असतील तर तेही आलिमांना स्पष्ट सांगा, कारण जीव वाचविण्याच्या निकडीला आपल्या शास्त्रात फार मोठे स्थान आहे. अन्‌ दूध देणारी बाई कोणत्या जातीधर्माची, यावर बाळाचे वजन वाढणे अवलंबून नसते, हेही ध्यानात असू द्या.

डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: एकाच मातेचे दूध, तिचे नाव कळवून, मिळू शकेल काय? सर्वत्र ते जमणार नाही, पण विचारल्याशिवाय कोणी देणारही नाही. घरातल्या घरात खालेने किंवा चुलतीने भाच्या-पुतण्याला पाजले, तरी नोंद कोणी ठेवत नाही. हे मला पेढीपेक्षाही धोक्याचे वाटते. एका कागदावर दूध देणाऱ्या मातेचे नाव, तिच्या पतीचे व मुलांचे नाव, आणि दूध कितीदा दिले त्या तारखा लिहाव्यात. दोन्ही घरांनी एकेक प्रत मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर ठेवावी. वीस-बावीस वर्षांनी स्थळ पाहायला निघाल, तेव्हा पेटीतून तो कागद आधी काढावा.