लायसन्सचे पैसे वाचले, पुढे काय?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय जरा बोजड छापला गेला आहे, म्हणून आधी तो साध्या शब्दांत सांगतो. बँक, कारखाना, रुग्णालय, महापालिका यांचा कारभार ज्या सर्व्हरवर चालतो, त्यावर अनेक ठिकाणी एखाद्या कंपनीच्या मालकीची ऑपरेटिंग सिस्टिम असते. ती काढून लिनक्ससारखी खुली सिस्टिम बसवायची आणि हे होत असताना रोजचं काम अडू द्यायचं नाही. आमच्या धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात. ते करावं, असं माझं ठाम मत आहे. पण ज्या कारणासाठी ते आपल्याकडे केलं जातं, ते कारण मला पटत नाही.

लंडनपासून सुरुवात करू. लंडन स्टॉक एक्स्चेंजने जून २००७ मध्ये ट्रेडइलेक्ट ही सौद्यांची नवी यंत्रणा सुरू केली. ती विंडोज सर्व्हर आणि डॉटनेटवर उभी होती, अ‍ॅक्सेंचरने बांधली होती, आणि लंडनने लिनक्सऐवजी विंडोज पसंत केलं हे मायक्रोसॉफ्ट आपल्या जाहिरातींत सांगत होती. मग ८ सप्टेंबर २००८ चा सोमवार उजाडला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बुडू पाहणाऱ्या संस्था अमेरिकी सरकारने ताब्यात घेतल्याची बातमी आदल्याच दिवशी आली होती. जगभरच्या गुंतवणूकदारांना त्या दिवशी बाजार हवा होता, आणि लंडनचा बाजार सुमारे सात तास ठप्प राहिला. जोहान्सबर्गचे सौदेही तेव्हा लंडनच्याच यंत्रणेवरून होत. तोही बाजार थांबला.

दोष विंडोजचाच होता हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसा आरोप मी करणार नाही. त्यानंतर लंडनने काय केलं ते अधिक महत्त्वाचं आहे. मे २००९ मध्ये झेव्हियर रोले प्रमुखपदी आले आणि ट्रेडइलेक्ट काढून टाकायचं ठरलं. नव्या सॉफ्टवेअरचं कंत्राट देऊन ते मोकळे झाले नाहीत. कोलंबोजवळ मालबे इथे मिलेनियमआयटी नावाची श्रीलंकन कंपनी होती, ती त्यांनी सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना विकतच घेतली. लिनक्सवर चालणारी सौद्यांची यंत्रणा मिळाली आणि ती लिहिणारे इंजिनिअरही घरचे झाले.

पुढचा प्रवास सुरळीत झाला असं मात्र समजू नका. ऑक्टोबर २०१० मध्ये टर्कॉइज या त्यांच्या छोट्या बाजारावर नवी यंत्रणा आधी चालवून पाहिली. २ नोव्हेंबरला तो बाजार सुमारे दोन तास बंद पडला. मुख्य बाजाराचं मायग्रेशन पुढे ढकललं गेलं. अखेर १४ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनचा मुख्य बाजार लिनक्सवर आला आणि दुसऱ्याच आठवड्यात, २५ तारखेला, चार तासांहून अधिक वेळ बंद राहिला. लिनक्स आलं की अडचणी संपतात असं सांगणाऱ्या विक्रेत्यांना या तारखा पाठ करायला लावायला हव्यात. फरक एवढाच पडला, आणि तो फार मोठा आहे, की बिघाड झाल्यावर जाब विचारायला आणि दुरुस्त करायला माणसं स्वतःच्या संस्थेत होती. जोहान्सबर्गनेही जुलै २०१२ मध्ये हीच नवी यंत्रणा घेतली, आणि त्या वेळी सर्व्हर लंडनला न ठेवता आपल्या शहरात आणून बसवले. आपल्या मुंबईच्या बीएसईची बोल्ट ही सौद्यांची यंत्रणा १९९५ पासून टँडेम कंपनीच्या बंदिस्त मशीनवर चालत आली होती. २०१४ मध्ये शेअरचे सौदे जर्मनीच्या डॉइच बोर्सच्या टी-सेव्हन यंत्रणेवर गेले, आणि तीही लिनक्सवरच चालते.

आता आपल्याकडच्या संचालक मंडळांच्या बैठकीत काय होतं ते पाहा. लिनक्सचा ठराव येतो तो एकाच वाक्याच्या जोरावर: लायसन्सचे पैसे वाचतील. वाचतात, यात शंका नाही. पण ते वाचलेले पैसे त्याच बैठकीत दुसऱ्या खर्चाला वळवले जातात आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघा-तिघांच्या प्रशिक्षणासाठी एक रुपयाही ठेवला जात नाही. माझी तक्रार आहे ती इथे.

या कामात माणसाची गरज किती असते, हे एका सिस्टिमवरून सांगतो. एचपी-यूएक्स ही युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची एचपी कंपनीने काढलेली आवृत्ती. इटॅनियम नावाच्या प्रोसेसरवर ती चालायची आणि आपल्याकडच्या बँकांतही तिचा चांगला वावर होता. इटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबला आणि एचपी-यूएक्सचा नियमित सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपला. ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांना हलावं लागणारच. लिनक्स युनिक्सच्या वळणाचं, म्हणून काम सोपं वाटतं. पण जुन्या सर्व्हरवर रात्री चालणाऱ्या शेकडो छोट्या स्क्रिप्ट असतात. समजा त्यातली एक डिस्क किती भरली ते तपासते आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की मेल पाठवते. एचपी-यूएक्सवर त्यासाठी ‘बीडीएफ’ ही कमांड आहे. लिनक्सवर ती नाही, तिथे ‘डीएफ’ आहे. स्क्रिप्ट जशीच्या तशी उचलून नेली तर तिला कमांड सापडत नाही, पुढच्या ओळीला तपासायला काही मिळत नाही आणि इशाऱ्याचा मेल जात नाही. मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं सगळे धरून चालतात. मग ऐन महिनाअखेरीला डिस्क भरते आणि दिवसअखेरचं हिशेबाचं काम मध्येच अडकतं.

दुसरी गोष्ट आकड्यांची. एचपी-यूएक्स एखादी संख्या साठवताना तिचा मोठा भाग आधी लिहिते. इंटेलच्या नेहमीच्या प्रोसेसरवरचं लिनक्स लहान भाग आधी लिहितं. चार बाइटमध्ये ठेवलेला १ हा आकडा उलट बाजूने वाचला तर १,६७,७७,२१६ होतो. खात्यात एक रुपया, आणि पडद्यावर पावणेदोन कोटींच्या आसपास! मोठ्या डेटाबेसमध्ये हे बदलून घेण्याची सोय असते. धोका असतो तो वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या सी किंवा कोबोल प्रोग्रॅमच्या फायलींत, ज्यांची नोंद कुठल्याच कागदावर नसते. त्या शोधून काढायला संस्थेचं काम आतून माहीत असलेला माणूस लागतो. बाहेरचा व्हेंडर कितीही हुशार असला तरी व्याजाची ती जुनी फाइल अस्तित्वात आहे हेच त्याला ठाऊक नसतं. म्हणून जुनी आणि नवी यंत्रणा काही काळ शेजारी-शेजारी चालवायची आणि दोन्हींचे आकडे रोज ताडून पाहायचे. बँक असेल तर त्या काळात एक तरी महिनाअखेर आणि एक व्याजआकारणी आली पाहिजे. ‘रविवारी करून टाका’ हा हुकूम ऐकला की मला काळजी वाटते.

खुल्या सिस्टिमलाही धनी असतात, हेही सांगायला हवं. सेंटओएस ही रेड हॅटच्या लिनक्सची मोफत आवृत्ती जगभर लाखो सर्व्हरवर होती. तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत पॅच मिळतील असं सांगितलेलं होतं. ८ डिसेंबर २०२० रोजी रेड हॅटने जाहीर केलं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबतील. संताप झाला, आणि तो रास्त होता. पण पुढे काय घडलं? सोर्स कोड खुला होता, म्हणून मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आलं आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स. रॉकीच्या मागे सेंटओएसच्या सुरुवातीच्या काळातले ग्रेगरी कुर्ट्झर होते आणि दिवंगत सहकारी रॉकी मॅकगॉ यांचं नाव त्यांनी या कामाला दिलं. ज्यांच्याकडे जाणते अ‍ॅडमिन होते, त्यांनी मुदतीच्या आत सर्व्हर फिरवले. एचपी-यूएक्स वापरणाऱ्याला असा दुसरा दरवाजा कधीच मिळणार नाही. मायग्रेशन करायचं ते या दुसऱ्या दरवाजासाठी. वाचणारे पैसे ही वरची बाब.

पण हा दरवाजा कुणीतरी सांभाळत असतो. लिनक्समध्ये सर्वत्र लागणारी ‘एक्सझेड’ ही फाइलचा आकार कमी करणारी प्रणाली अनेक वर्षं जवळपास एकाच माणसाने, लासे कॉलिन यांनी, आपल्या सवडीच्या वेळात सांभाळली. ते थकले होते. मदतनीस म्हणून टोपण नावाने आलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये तिच्यात चोरवाट घातली. ती पकडली अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरने. त्यांच्या मशीनवर लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. एवढ्या उशिराचं कारण शोधत ते मुळापर्यंत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळ्या जगाला सावध केलं. कोड उघडा होता म्हणून त्यांना शोधता आलं, आणि अर्धा सेकंद खटकणारा माणूस होता म्हणून त्यांनी शोधलं.

आज इथे सहकारी बँकांचे, कारखान्यांचे, शिक्षण संस्थांचे संचालक बसले आहेत. आपल्याला माझी विनंती आहे. येत्या अंदाजपत्रकात लायसन्सचा आकडा कमी होईल, तेव्हा तो तसाच खाली येऊ देऊ नका. त्यातला मोठा हिस्सा आपल्या अ‍ॅडमिनच्या प्रशिक्षणाला आणि पगाराला द्या, आणि थोडा भाग आपण फुकट वापरत असलेल्या एखाद्या खुल्या प्रकल्पाच्या देखभालीला पाठवा. मायग्रेशनचा ठराव मांडाल तेव्हा नव्या सिस्टिमच्या नावाबरोबर ती सांभाळणाऱ्या माणसांची नावंही त्यात लिहा. ती नावं लिहिता येत नसतील, तर तो ठराव तूर्त पुढे ढकला.