सात दिवसांची मांडणी



सिद्धरामेश्वरांच्या या सोलापूर नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा रोज कानावर पडणाऱ्या गावात हिब्रू वाङ्मयावर चर्चा होणार, याचा आम्हाला फार आनंद आहे.

हिब्रू बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर आपण जग कसे झाले, एवढाच वाद घालत बसतो. माझी विनंती आहे की, आधी त्याची मांडणी पाहावी. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पक्षी आणि जलचर. तिसऱ्या दिवशी जमीन आणि वनस्पती, सहाव्या दिवशी जनावरे आणि माणूस. आधी जागा, मग त्या जागेत वावरणारे. सूर्याआधी प्रकाश कसा, हा शाळकरी मुलालाही पडणारा प्रश्न मग वेगळाच दिसू लागतो. बाबिलोनमध्ये सूर्य-चंद्र देव म्हणून पूजले जात. इथे ते चौथ्या दिवसापर्यंत थांबतात, आणि त्यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत. एक मोठी ज्योती, एक लहान. केवढा धीट विचार, आणि तो नुसत्या क्रमातून सांगितलेला!

मूळ हिब्रूत पहिले वचन सात शब्दांचे आहे, दुसरे चौदा. केलेले चांगले आहे असे देवाला दिसले, हा शेरा सात वेळा येतो. दुसऱ्या दिवशी तो नाही, तिसऱ्या दिवशी दोनदा आहे. कारण पाण्याचे काम तिसऱ्या दिवशीच पुरे होते. सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज आणि अडुसष्ट लिंगे सोलापूरच्या पोराला पुस्तकातून शिकावी लागत नाहीत, मिरवणुकीबरोबर चालता चालता ती अंगात भिनतात. हा अध्यायही तसाच कानाने भिनण्यासाठी रचला आहे, असे मला वाटते. म्हणूनच सातव्या दिवशी ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे रोजचे पालुपद गळते, तेव्हा ते ऐकणाऱ्याला लगेच जाणवते. तो दिवस मावळल्याचे कुठेच सांगितलेले नाही.

मराठीला ही कथा नवी नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात ती ओवीत सांगितली. आपल्याच पुणे-सोलापूर लोहमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवले. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यांचे बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातांनी.

म्हणून पहिल्या सत्रात व्याख्यान ठेवलेले नाही. आधी हा अध्याय हिब्रूत, मग रमाबाईंच्या मराठीत मोठ्याने वाचला जाईल. पुस्तके मिटून ऐकावा, ही विनंती. दुपारी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आहे. कुणीही न जेवता जाऊ नये. संमेलनाध्यक्षांनी आता दीपप्रज्वलनासाठी यावे.