परतीच्या वाटेचा विमा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून विम्याविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. गुणवंतांचे सत्कार झाले, बक्षिसे वाटली गेली, आणि आता हा गृहस्थ आजारपणाच्या गोष्टी कसल्या सांगतो, असे कोणाच्या मनात आले तर मी त्याला दोष देणार नाही. परंतु आज ज्या मुलांनी येथे टाळ्या घेतल्या, त्यांपैकी कित्येकजण चार-पाच वर्षांनी दुबई, कुवेत, मस्कत, दोहा किंवा जेद्दा येथे नोकरीला असतील. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यांना हे नवीन नाही. मुलाला पाठविण्याची तयारी आपण कसून करतो. पासपोर्ट, व्हिसा, मेडिकल, तिकीट, सामानात लोणचे-पापड, काहीही राहत नाही. मात्र हाच मुलगा तेथे अंथरुणाला खिळला तर त्याला घरी आणायचे कसे, हा प्रश्न घरातले कोणी विचारीत नाही. आज मी तेवढ्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

पहिली गोष्ट ही, की परदेशात उपचार होणे आणि आजारी अवस्थेत मायदेशी येणे हे दोन निराळे खर्च आहेत. समजा, आपल्याकडचा एक तरुण सौदी अरेबियात बांधकामावर आहे आणि त्याला पक्षाघाताचा झटका आला. तेथे मालकाने नोकराचा आरोग्य विमा काढणे सक्तीचे आहे. संयुक्त अरब अमिरातीतही 1 जानेवारी 2025 पासून खाजगी क्षेत्रातील नोकरांसाठी ही सक्ती सर्व अमिरातींत लागू झाली. तेव्हा इस्पितळाचा खर्च बहुधा निघेल. पुढे डॉक्टर सांगतात, जिवाचा धोका टळला, पण सहा महिने तरी उठता येणार नाही. कराराप्रमाणे नोकरी संपते. सौदी कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपल्यावर परतीचे तिकीट मालकाने द्यावयाचे असते आणि ते तो देतोही. परंतु ते तिकीट बसून येणाऱ्या माणसाचे असते. आडव्या पडलेल्या माणसाचे काय?

आडव्या माणसाला विमानाने आणावयाचे म्हणजे काय, ते थोडे समजून घेऊ. साध्या प्रवासी विमानात स्ट्रेचर बसवायचा तर साधारण सहा ते नऊ आसनांच्या पाठी दुमडाव्या लागतात आणि त्या सर्व आसनांचे भाडे मोजावे लागते. बरोबर डॉक्टर किंवा परिचारिका हवी, त्यांचे जाण्यायेण्याचे तिकीट वेगळे. प्राणवायू लागणार असेल तर त्याची व्यवस्था वेगळी. दोन्ही टोकांना रुग्णवाहिका हवी. शिवाय प्रत्येक विमानकंपनी स्ट्रेचर घेतेच असे नाही, आणि घेणारी कंपनीसुद्धा रोग्याला विमानप्रवास झेपेल असा डॉक्टरांचा दाखला पाहिल्याशिवाय त्याला चढू देत नाही.

ही अट म्हणजे उगाच अडवणूक नव्हे. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते 5,400 फुटांचे. म्हणजे आठ हजार फूट धरले तर रोग्याला त्याच्या जवळजवळ दीडपट उंचीवर काही तास ठेवल्यासारखे झाले. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. परंतु ज्याचे हृदय किंवा फुप्फुस अशक्त आहे, ज्याचे नुकतेच पोटाचे ऑपरेशन झाले आहे, त्याच्यासाठी ते जिवावर बेतू शकते, कारण प्राणवायू कमी मिळतो आणि शरीरात कोंडलेली हवा फुगते. म्हणून “आणा लवकर घरी, येथे आल्यावर बघू” असा तगादा घरच्यांनी लावू नये. केव्हा आणायचे हे डॉक्टर ठरवतील. कोणाच्या पैशाने आणायचे हे मात्र आपण आधीच ठरवून ठेवायचे असते.

आता पॉलिसीकडे वळू. प्रवासाच्या विम्यात या बाबतीतली तीन कलमे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिले कलम, रोग्याला जवळच्या चांगल्या इस्पितळात हलविण्याचे. वाळवंटातल्या कामगार-वसाहतीतून शहरात नेणे त्यात बसते, घरी आणणे बसेलच असे नाही. दुसरे कलम, रोग्याला मायदेशी परत आणण्याचे. तिसरे कलम, माणूस दगावल्यास मृतदेह आणण्याचे. कित्येकदा पॉलिसीत पहिले आणि तिसरे असते, दुसरे नसते किंवा त्याची रक्कम तुटपुंजी असते. “परत आणण्याचा खर्च मिळेल” एवढे एजंटाने तोंडी सांगितले म्हणजे तो जिवंत माणसाविषयी बोलतो की मृताविषयी, हे आपण स्पष्ट विचारले पाहिजे. प्रश्न कटू आहे, पण तो पैसे भरण्यापूर्वी विचारलेला बरा.

युरोपातील शेंगेन देशांनी तर हा प्रश्न व्हिसाच्याच अटीत घातला आहे. किमान 30,000 युरोचा विमा आणि त्यात आजारपणामुळे मायदेशी परतण्याचा खर्च धरलेला असला पाहिजे, नाहीतर व्हिसा नाही. पर्यटनाला चार दिवस जाणाऱ्यासाठी एवढी काळजी, आणि चार-चार वर्षे घाम गाळायला जाणाऱ्यासाठी?

त्याच्यासाठीही सोय आहे, परंतु ती फार थोड्यांना माहीत असते. भारत सरकारने 2003 साली प्रवासी भारतीय बीमा योजना सुरू केली आणि 2017 साली तिच्यात सुधारणा केली. सुधारणेनंतर दोन वर्षांसाठी हप्ता 275 रुपये आणि तीन वर्षांसाठी 375 रुपये, अधिक कर, असा ठेवण्यात आला. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण ठरले. आजारी पडून कामास नालायक ठरलेल्या कामगाराचे परतीचे एकेरी साधे विमानभाडेही या योजनेत आहे. “साधे भाडे” हे शब्द लक्षात ठेवा. स्ट्रेचर आणि बरोबरच्या डॉक्टरचा खर्च त्यात आहे असे गृहीत धरू नका. 2008 सालच्या अटींप्रमाणे तर हे भाडे विमा घेतल्यापासून पहिल्या बारा महिन्यांपुरतेच होते, त्यासाठी वकिलातीचा दाखला लागे आणि तिकिटे मूळ स्वरूपात सादर करावी लागत. म्हणून हाती आलेल्या पॉलिसीतील मुदत आणि कागदांची यादी स्वतः वाचावी.

आणि आता या शिक्षणसंस्थेशी ज्याचा थेट संबंध आहे ती गोष्ट सांगतो. ही योजना ज्यांच्या पासपोर्टला सरकारी मंजुरीची, म्हणजे ई.सी.आर.ची अट आहे, त्यांना सक्तीची आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही अट राहत नाही. आपण मुलांना दहावीपर्यंत शिकविले, ते मंजुरीच्या खेपांतून सुटले, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्याच वेळी त्यांच्यावरची विम्याची सक्तीही सुटली! कमी शिकलेला कामगार कायद्याच्या रेट्याने का होईना, विमा घेऊन विमानात चढतो, आणि आपला शिकलेला मुलगा कसलेही संरक्षण न घेता जातो. ज्याला वाचता येते त्यानेच कागद वाचला नाही, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?

व्हिजिट व्हिसावर नोकरीला जाणाऱ्याची स्थिती तर याहून वाईट. तो ना मंजुरीच्या नोंदीत, ना मालकाच्या विम्यात. आणि ज्यांनी विमा घेतला ते दोन-तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण विसरतात. माणूस तेथे दहा वर्षे राहतो, पॉलिसी मात्र कधीच संपलेली असते.

मग काही नसलेल्याने काय करावे? त्याने भारतीय वकिलातीकडे जावे. 2009 साली स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून अडचणीत सापडलेल्या गरजू भारतीयांना तातडीचे उपचार आणि परतीचा प्रवास यांसाठी मदत मिळू शकते. पण ती गरज पाहून दिली जाते, तो हक्काचा विमा नव्हे. तो मार्गही बंद झाला तर काय होते, ते आपण सारे जाणतो. घरातले दागिने गहाण पडतात, जमातीत वर्गणी गोळा होते, आणि बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे विमानाच्या आसनांना जातात. जमात धावून येते हे आपले भूषणच आहे. परंतु जे काम थोड्या हप्त्यात झाले असते त्यासाठी शेजाऱ्यापुढे हात पसरण्याची पाळी का यावी?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलगा जाण्यापूर्वी पॉलिसीची एक प्रत घरी ठेवून घ्या. तिच्यावरचा चोवीस तासांचा मदतीचा फोन नंबर कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवा. प्रसंग आला तर आधी विमा कंपनीला फोन, मग तिकीट. कंपनीच्या संमतीवाचून परस्पर केलेला प्रवासखर्च पुष्कळदा नाकारला जातो. मधुमेह, रक्तदाब असेल तर तो अर्जात लपवू नका. लपविलेला आजार नेमका दाव्याच्या वेळी बाहेर येतो. मुलाला भेटायला परदेशी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तर हे अधिकच सांभाळावे.

आणि संस्थेच्या चालकांना एक नम्र सूचना. दहावीच्या वर्गाला निरोप देताना आपण उपदेशाची भाषणे करतो. त्यांतील एक तास कमी करून एखादी खरी पॉलिसी आणि एखादा खरा नोकरीचा करार मुलांपुढे ठेवावा आणि तो त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मुलींकडूनही. कारण मुलगा दूर इस्पितळात असतो तेव्हा कागदांची पेटी उघडणारी बहुधा घरची आई, बहीण किंवा पत्नी असते, आणि तिने तो कागद अचूक वाचला तरच तो माणूस वेळेवर घरी येतो.